'नो' (know) ही 'ज्ञाना'ची लेक नव्हे, बहीण!

भाची जर्मन शिकतेय. परवा वही नाचवत आली. "मामा, 'इश कान डॉइच' म्हणजे मला जर्मन येतं. पण यात 'बोलायला' कुठाय?" म्हटलं, अगं, तुझ्या मराठी वाक्यात तरी कुठाय?

आपण 'मला पोहता येतं' म्हणतो, तसंच 'मला जर्मन येतं'. येणं एकच. जर्मनांचं 'कान' अगदी असंच दोन्हीकडे चालतं, कारण 'जमणं' हा त्याचा मागाहून आलेला अर्थ. मुळात ते 'ठाऊक असणं'. इंग्रजीतलं 'कॅन' त्याचंच भावंड. त्याच कुळातला 'अनकूथ' आज म्हणजे गावंढळ, पण जुना अर्थ नुसता 'अनोळखी' होता. आणि 'कुड'मधला तो एल? तो मुळातला नाहीच. 'शुड' आणि 'वुड'च्या पंगतीत शोभावं म्हणून मागाहून लिहायला लागले!

'नो' (माहीत असणं) हेही याच घरातलं. त्याच्या स्पेलिंगमधला के एके काळी खणखणीत वाजायचा, सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजांनी तो गिळला. हसू नका, आपण तरी 'ज्ञ'मधले ज् आणि ञ कुठे उच्चारतो? आपलं 'द्न्य', हिंदीवाल्यांचं 'ग्य'.

तर संस्कृतात जिथे ज, तिथे या जर्मन-इंग्रजी घराण्यात क. जानु म्हणजे गुडघा, जर्मनमध्ये 'क्नी'. जन, तर इंग्रजीत 'किन'. अशा अदलाबदलीचे नियम जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने 1822 साली मांडले. त्याच हिशेबाने आपलं 'जाणणं' या 'नो'चं नातलग.

इथे आमच्या फॅमिली ग्रुपवर माझं डोकं फिरतं. "बघा, नो हा शब्द संस्कृत ज्ञानवरूनच आला!" नाही हो. लॅटिन आणि ग्रीकमध्ये याच धातूला ग आहे. म्हणजे ज हा बदल संस्कृतच्या बाजूला झालाय, आणि क जर्मनांच्या बाजूला. दोघींची आई तिसरीच, जिचं लिहिलेलं एक अक्षरही उरलेलं नाही. संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्यात हेच सुचवलं होतं.

बरं, एवढा अभिमान आहे तर 'नेणणे' का टाकलंत? न आणि जाणणे मिळून झालेलं काय देखणं क्रियापद! संतांच्या अभंगांत पावलोपावली भेटतं. आता आपल्याला सगळं नुसतं 'माहीत नाही'.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी हात जोडलेला इमोजी टाकला आणि पाचच मिनिटांत पुढचा फॉरवर्ड आला: "मदर हा शब्द मातृवरून..."