आदर्श ब्रॉडबँड ग्राहकाने कसे वागावे

गेल्या आठवड्यात इंटरनेटचे बिल भरायला बसलो असता कंपनीच्या ॲपने मला अडवले. रक्कम नेहमीचीच होती, परंतु 'पैसे भरा' हे बटण करड्या रंगाचे होऊन निपचित पडले होते आणि त्याच्या वर 'सुधारित अटी मला मान्य आहेत' असा एक नवा चौकोन उगवला होता. अटी अर्थातच इंग्रजीत होत्या आणि बोट दुखेपर्यंत वर सरकवल्या तरी संपत नव्हत्या. मधोमध कुठेतरी असे नम्रपणे नमूद केले होते, की ग्राहकाच्या इंटरनेट वापराची माहिती कंपनी आपल्या निवडक व्यावसायिक भागीदारांना 'अधिक समर्पक जाहिरातींसाठी' देऊ शकेल. 'मान्य नाही' म्हणण्याची सोय कुठेही नव्हती. खूण केल्याशिवाय पैसे भरता येत नाहीत आणि पैसे भरल्याशिवाय घरातले ऑफिस व मुलांचा क्लास दोन्ही बंद पडतात. या अनुभवातून आदर्श ग्राहकाची काही कर्तव्ये माझ्या ध्यानात आली, ती समस्त पुणेकरांच्या सोयीसाठी येथे देत आहे.

पहिले कर्तव्य म्हणजे अटी वाचू नयेत. वाचल्याने रक्तदाब वाढतो आणि अटी आहेत तशाच राहतात.

दुसरे असे, की 'आम्हाला तुमचे काहीच दिसत नाही, हल्ली सगळे एनक्रिप्टेड असते' या आश्वासनावर पूर्ण विश्वास ठेवावा. ते निम्मे खरेही आहे. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे संकेतस्थळाशी होणाऱ्या संवादाला लावलेल्या कुलपामुळे, तुम्ही संकेतस्थळावर नेमके काय वाचले किंवा काय लिहिले हे कंपनीला दिसत नाही. मात्र ते संकेतस्थळ कोणते, हे आपण बदल केला नसेल तर तिच्याच डीएनएस सर्व्हरला (नावावरून स्थळाचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्राला) विचारले जाते, आणि तो सर्व्हर बदलला तरी जोडणी सुरू होताना स्थळाचे नाव बहुतेक वेळा उघडेच जाते. सोसायटीच्या वॉचमनला तुमच्या घरातले बोलणे ऐकू येत नाही, पण रात्री साडेअकराला कोणते डॉक्टर येऊन गेले, वसुलीवाला आठवड्यातून किती वेळा आला आणि दोन वकिलांपैकी कोण किती वेळ बसला, हे त्याच्या वहीत असते. एवढ्यावरून घरात काय चालले आहे ते ओळखायला फार बुद्धी लागत नाही. आणि ही वही निनावी नसते. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्राची प्रत आपण जोडणी घेतानाच केवायसीसाठी दिलेली असते.

ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे भेटींची नोंद न ठेवणारी, खिडकी उघडून निर्धास्त व्हावे. इंटरनेट कंपनीला तुमचा वापर तरीही दिसू शकतो, हे त्याच खिडकीत लिहिलेले असते, पण तेही वाचू नये.

फारच अस्वस्थ वाटल्यास व्हीपीएन, म्हणजे आपला सगळा वापर स्वतःच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, घ्यावे, म्हणजे एका कंपनीपासून लपवलेली माहिती दुसऱ्या कंपनीच्या हाती सोपवता येते. त्यातही सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नावे व पत्ते पाच वर्षे जपून ठेवायचे आहेत. या आदेशानंतर काही कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच हलवले.

मन रमवण्यासाठी अमेरिकेकडे पाहावे. तिथे ग्राहकाच्या होकाराशिवाय त्याचा ब्राउझिंगचा इतिहास वापरू नये, असा नियम एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये केला आणि अमलात येण्याआधीच संसदेने तो २०१७ मध्ये रद्द केला. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४८ मतांनी. मोबाइल ग्राहकांच्या प्रत्येक विनंतीला गुपचूप ओळखचिठ्ठी चिकटवल्याबद्दल व्हेरायझन या दूरसंचार कंपनीला १३.५ लाख डॉलरचा दंड झाला, जो तिच्या वार्षिक उलाढालीपुढे चहापाण्याचा खर्च होता. एटी अँड टी या दुसऱ्या कंपनीने तर काही काळ चक्क दरपत्रकच लावले होते: पाळत नको असेल तर महिन्याला २९ डॉलर जादा. आपल्याकडे इतका सरळपणाही नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य, ते म्हणजे तक्रार. तक्रार जरूर करावी. त्यासाठी प्रथम कस्टमर केअरला फोन लावावा, 'आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है' हे मनोभावे ऐकावे, मराठीसाठी दोन दाबावे आणि हिंदीत बोलणाऱ्या प्रतिनिधीशी गोडीने बोलावे. माझ्या प्रतिनिधीने विचारले, "सर, स्पीड ठीक आ रहा है ना?" स्पीडबद्दल माझी तक्रार नव्हती. माझी माहिती कोणकोणत्या भागीदारांना दिली जाते, एवढेच मला हवे होते. त्याने राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. मी वरिष्ठांना मागितले, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "सर, सगळेच करतात," आणि संध्याकाळी 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे' असा संदेश आला. कोणाचे समाधान झाले? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. संमती मुक्त, विशिष्ट, बिनशर्त आणि समजून दिलेली हवी, आणि तीही त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती, असे त्यात लिहिले आहे. कायद्याने उदाहरणही दिले आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि वापरकर्त्याने होकार दिला, तरी सल्ल्यासाठी त्या यादीची गरज नसल्याने तो होकार तिला लागू होत नाही. मग बिल भरण्यासाठी माझ्या ब्राउझिंगची माहिती कशाला लागते? परंतु या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या पार पाडायला कंपन्यांना १८ महिने देण्यात आले. ग्राहकाला करड्या बटणासमोर एक दिवसाची सवड नाही, कंपनीला दीड वर्ष. शिवाय खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास ग्राहकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही त्याच कायद्यात आहे. क्षुल्लक काय, याचा अंदाज 'राउटर बंद करून पाहा' या उत्तरावरून बांधावा.

उपरोध पुरे झाला. ज्या पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी राहिली, त्या पुण्यात पाच रुपयांच्या कोथिंबिरीवरून मंडईत वाद घालणारे आपण 'माझ्याकडे लपवण्यासारखे आहे काय?' असे म्हणत घरातल्या सगळ्यांची माहिती देऊन टाकतो. लपवण्यासारखे तुमच्याकडे नसेल. तुमच्या मुलीकडे असेल, डॉक्टरकडे जायला घाबरणाऱ्या तुमच्या भावाकडे असेल, आणि चौकोनात खूण करताना त्यांना कोणी विचारलेले नसते. सोसायटीच्या कमिटीने तर कमालच केली आहे. गच्चीवर इंटरनेट कंपनीचा डबा बसवायला जागा आपण दिली, डक्टमधून वायर नेऊ दिली, दरवर्षी तिच्याशी केलेल्या कराराच्या नूतनीकरणावर सह्या आपल्याच अध्यक्षांनी आणि सचिवांनी केल्या. सर्वसाधारण सभेत पाहुण्यांच्या पार्किंगवर दोन तास भांडणाऱ्या सभासदांनो, 'रहिवाशांची माहिती जाहिरातदारांना देणार नाही' एवढी एक ओळ त्या करारात घालायला तुमचा हात कोणी धरला होता?