‘साठीनंतर आता बसा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘साठीनंतर शरीराला विश्रांती द्या, मेंदूला काम द्या. मेंदू वयानुसार आकसतोच, चालून काही होत नाही. शब्दकोडी सोडवा, बाहेर पडून हाडं मोडून घेऊ नका.’ हा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातली काळजी खरी, सल्ला घातक.

मेंदू वयानुसार आकसतो, हे बरोबर. पण ‘चालून काही होत नाही’? २०११ मध्ये अमेरिकेतल्या १२० ज्येष्ठांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एक गट वर्षभर आठवड्यातून ३ दिवस चालला, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत. दुसऱ्याने फक्त अंग ताणण्याचे व्यायाम केले. स्मरणशक्ती सांभाळणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, चालणाऱ्यांत सुमारे २ टक्के वाढला, दुसऱ्या गटात १.४ टक्के घटला. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

शब्दकोडी जरूर सोडवा. पण शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि ती पोचवतं रक्त. रक्तदाब, साखर आणि वजन आटोक्यात ठेवायला चालणं मदत करतं, शब्दकोडं नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली, त्यांत हे तिन्ही आहेत आणि व्यायामाचा अभावही.

पडण्याची भीती मला सगळ्यात जास्त समजते. त्या भीतीपोटीच आपण आईच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतो, बाबांना पाण्याचा तांब्या जागेवर नेऊन देतो. प्रेमानेच करतो. पण बसून बसून मांड्यांतली ताकद जाते, तोल सुटतो आणि बाथरूमपर्यंत जातानाही माणूस पडतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करायला सांगते. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, इथून सुरुवात होते. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

व्यायामाने डिमेन्शिया बरा होतो, असा उलटा मेसेजही कुणी पाठवू नका. ब्रिटनमध्ये निदान झालेल्या रुग्णांना जोरकस व्यायाम देऊन पाहिला; २०१८ च्या अहवालानुसार त्यांची शारीरिक क्षमता सुधारली, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही. त्यामुळे आईबाबा धडधाकट आहेत तोवरच त्यांच्यासोबत चालायला निघा.