‘यांना फक्त पोती विकता येतात’ असं लिहिणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

आमच्या दुकानाबद्दल आपण इंटरनेटवर टाकलेला एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. गच्चीवरच्या टाइल पहिल्याच पावसाळ्यात फुगून वर आल्या, आपल्याला आणि काकूंना मनस्ताप झाला, याचं मनापासून वाईट वाटतं. काउंटरवरचा मुलगा आपल्याला ‘भिया’ म्हणाला, त्याचीही माफी मागतो. इंदुरात हा शब्द कुणालाच सुटत नाही, पण समोरच्याचं वय बघून बोलायला हवं, हे त्याला सांगितलं आहे.

आता राहिलं एक वाक्य. टाइल चिकटवायच्या मसाल्याबद्दल, म्हणजे अ‍ॅडहेसिव्हबद्दल, आपण लिहिलंय, ‘बाहेरच्या टाइलला लवचिक अ‍ॅडहेसिव्ह लागतं हे दुकानदाराला ठाऊकच नाही, यांना फक्त पोती विकता येतात.’ एक तारा सोसला असता. हे सोसत नाही. वडिलांच्या काळापासून आमचं घर याच दुकानावर चाललंय आणि आता नवीन गिऱ्हाईक फोनवर आधी हेच वाक्य वाचतं.

आपण रंगपंचमीच्या आधी आलात. गेर, म्हणजे इथली रंगपंचमीची मिरवणूक, बघायला पाहुणे येणार होते, घाई होती. टाइल कुठे लावायची विचारलं, तर ‘वर’ म्हणालात. वर म्हणजे खोलीत की उघड्यावर, हेही मीच विचारलं, तेव्हा गच्ची निघाली. मग अ‍ॅडहेसिव्हची दोन पोती दाखवली. एकावर टाइप १ छापलं होतं, जे घरातल्या जमिनीवर साध्या सिरॅमिक टाइलला चालतं. दुसरं एस १, पॉलिमर घातलेलं, लवचिक. दुसऱ्याचा भाव पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट, हे खरं आहे. तो ऐकल्याबरोबर आपण म्हणालात, ‘महागडा माल गळ्यात मारू नका.’ दुकानात त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी गप्प बसलो, आपण पहिलं नेलंत.

गच्चीला लवचिक अ‍ॅडहेसिव्ह लागतं, हे आपल्या भाच्याने नंतर सांगितलं ते बरोबरच आहे. मी मार्चमध्ये तेच सांगत होतो. इथे एप्रिल-मेमध्ये हवेचं तापमान चाळीसच्या वर जातं, गच्ची त्याहून कितीतरी तापते, आणि जूनमधल्या एका सरीत तासाभरात गार होते. चाळीस अंशांचा फरक धरला तर दहा मीटर लांबीचा स्लॅब साधारण ४ मिलीमीटर वाढतो-आक्रसतो, तेवढ्याच लांबीतली व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल अडीच ते तीन. हा मधला फरक सोसायचा कुणी? अ‍ॅडहेसिव्हने. ते ताठ असलं की सुटतं. त्यातून व्हिट्रिफाइड टाइल पाणी पितच नाही, शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे नुसत्या सिमेंटला धरायला जागाच नाही.

एस १, एस २ ही दुकानदाराने काढलेली नावं नव्हेत. ईएन १२००४ या युरोपीय मानकात ३ मिलीमीटर जाडीची सुकलेली पट्टी दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाबतात. तुटण्याआधी अडीच ते पाच मिलीमीटर वाकली तर एस १, पाच किंवा जास्त वाकली तर एस २. आपल्याकडचं मानक आयएस १५४७७, तेही पोत्यावर छापलेलं असतं. आणि सगळीकडे एस २ लावा म्हणणारा दुकानदार मी नाही. पक्क्या काँक्रीटवरच्या न्हाणीघराला ते घेऊ नका, असं मी स्वतः लोकांना सांगतो, त्यात माझंच नुकसान आहे.

आणखी एक, राग मानू नका. गच्ची सहाशे चौरस फूट आणि आपण वीस किलोची सात पोती नेलीत. तीन मिलीमीटरचा सलग थर दिला तर एक पोतं पंचेचाळीस-पन्नास फूट पुरतं. बारा-तेरा लागली असती. आपल्याच फोटोत उखडलेल्या टाइलची पाठ कोरी दिसते, फक्त पाच ठिकाणी गोळे. दात्यांच्या थापीने थर ओढलेलाच नाही, टाइलला टाइल भिडवलेली आहे, मध्ये टाइलला फुगायला जागा देणारा एकही सांधा नाही. अशा कामात एस २ घातलं असतं तरी पोकळ वाजलं असतं. मिस्त्री आमचा नव्हता, आपण आणला होता. त्याच्याविषयी अभिप्रायात एक अक्षर नाही.

तरीही दुकानात सुधारणा करतोच आहोत. कुठलं पोतं कुठे लावायचं याचा फलक लावू, बिलावरही काहीतरी लिहू. मुलांनाही समजावतो आहे.

उरलेली गच्ची पुन्हा करायची झाली तर एस १ पोती खरेदीच्या भावात देईन, बिल घेऊन या. मिस्त्रीलाही सोबत आणा, थर कसा ओढायचा ते मी उभा राहून दाखवतो. पण पाऊस संपून स्लॅब पुरता सुकल्यावरच, आणि काम सकाळी किंवा संध्याकाळी. भर दुपारी पसरलेला माल टाइल ठेवायच्या आधीच वरून सुकतो.

तारा एकच ठेवायचा तर ठेवा काका. ‘ठाऊकच नाही’ तेवढं काढलंत तर उपकार होतील. रविवारी दुकान बंद असतं, बाकी रोज रात्री आठपर्यंत मी स्वतः बसलेला असतो.