रँडम नॉइज म्हणजे टर्ब्युलन्स नव्हे

एलईएस (लार्ज एडी सिम्युलेशन, म्हणजे प्रवाहातले मोठे भोवरे संगणकावर थेट सोडवून लहान भोवऱ्यांचा परिणाम अंदाजाने धरणारं गणित) शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ‘इनलेटच्या सरासरी वेगावर पाच-दहा टक्के रँडम नॉइज टाका, ग्रिड बारीक ठेवा, डोमेन जरा लांब घ्या, टर्ब्युलन्स आपोआप तयार होतो.’ डोमेन म्हणजे गणितात घेतलेली जागा, इनलेट म्हणजे तिची हवा आत शिरते ती बाजू, ग्रिड म्हणजे त्या जागेचे पाडलेले लहान कप्पे (सेल), आणि टर्ब्युलन्स म्हणजे प्रवाहातली भोवऱ्यांची खळबळ. या सल्ल्याच्या भरवशावर इमारतींवरचा वाऱ्याचा भार काढला जातो, म्हणून याचा एकेक भाग तपासायलाच हवा.

‘पाच टक्के पुरे.’ हा आकडा वेग किती खालीवर होतो एवढंच सांगतो. खऱ्या प्रवाहात बहुतेक ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांत असते आणि तिथून ती लहान भोवऱ्यांकडे उतरते. नॉइजमध्ये शेजारच्या दोन सेलचाही एकमेकांशी संबंध नसतो. त्यामुळे जवळजवळ सगळी ऊर्जा एक-दोन सेलच्या मापात अडकते आणि व्हिस्कॉसिटी (हवेचा चिकटपणा) व सबग्रिड मॉडेल (सेलहून लहान भोवऱ्यांचा अंदाज) मिळून ती थोड्याच अंतरात संपवून टाकतात.

‘ग्रिड बारीक केला की सुधारेल.’ नेमकं उलट होतं. ग्रिड बारीक केला की टाइम स्टेपही, म्हणजे गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो टप्पाही, लहान करावी लागते. समजा ती निम्मी केली, टक्केवारी तीच ठेवली आणि दर स्टेपला नवा रँडम आकडा टाकला. आता तेवढीच ऊर्जा दुप्पट रुंद फ्रीक्वेन्सी-पट्ट्यात पसरते. मोठ्या भोवऱ्यांच्या, म्हणजे कमी फ्रीक्वेन्सीच्या वाट्याला आधीच्या निम्मीच येते. खर्च वाढवून आपण इनलेट आणखी निर्जीव करतो.

भिंतीजवळ तर मुळावरच घाव बसतो. तिथे टर्ब्युलन्स जगतो तो सरासरी वेगाच्या उतारातून ऊर्जा खेचून, आणि त्यासाठी प्रवाहाच्या दिशेचे व भिंतीला लंब असलेले चढउतार परस्परांशी जुळलेले लागतात. वेगाच्या प्रत्येक दिशेतल्या घटकाला स्वतंत्र नॉइज दिला की हा संबंध शून्य, म्हणून इनलेटवर ऊर्जेचं उत्पादनही शून्य.

‘डोमेन लांब घ्या.’ यात थोडं तथ्य आहे. पण ले, मोइन आणि किम यांनी 1997 साली पायरीवरून पडणाऱ्या प्रवाहाचं डीएनएस (सगळे भोवरे थेट सोडवणारं गणित) केलं, तेव्हा त्यांच्या इनलेटला रेनॉल्ड्स स्ट्रेस (वेगाच्या चढउतारांची ताकद आणि त्यांचा परस्परसंबंध) आणि स्पेक्ट्रम (कोणत्या मापाच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा) दोन्ही दिलेले होते. तरीही पायरीच्या आधी तिच्या उंचीच्या 10 पट लांबी राखावी लागली. नुसता नॉइज दिला तर खळबळ विरून प्रवाह लॅमिनार, म्हणजे संथ थरांचा, होण्याचाच धोका, मग लांबी कितीही वाढवा.

पर्याय हाताशी आहेत. क्लाइन, सादिकी आणि यानिका यांची डिजिटल फिल्टर पद्धत (नॉइज गाळून शेजारच्या आकड्यांत संबंध आणणारी) 2003 ची, जारँ आणि सहकाऱ्यांची सिंथेटिक एडी पद्धत (इनलेटवर कृत्रिम भोवरे सोडणारी) 2006 ची. ओपनफोम या मोफत प्रवाह-गणिताच्या सॉफ्टवेअरच्या ईएसआय आवृत्तीत पहिली पद्धत आणि दुसरीचा डायव्हर्जन्स-फ्री हा सुधारित प्रकार तयार मिळतात. फक्त लांबीमाप (भोवऱ्यांचा आकार) आणि रेनॉल्ड्स स्ट्रेस विचार करून भरावे लागतात.

‘मग सरळ रीसायकलिंगच वापरा’ असंही कुणी म्हणतं. लुंड, वू आणि स्क्वायर्स यांची 1998 ची ही पद्धत सपाट पृष्ठभागावरच्या बाउंडरी लेअरसाठी (पृष्ठभागालगत मंदावलेल्या प्रवाहाच्या थरासाठी) उत्तमच आहे. पण इनलेटपासून काही अंतर पुढचा प्रवाह मागे आणून इनलेटवर पुन्हा सोडला की त्या अंतराची लय इनलेटमध्ये शिरते. ती लय इमारतीच्या नैसर्गिक फ्रीक्वेन्सीजवळ आली, तर गणितात दिसणारा हादरा वाऱ्याचा नसून आपल्याच इनलेटचा असू शकतो. म्हणून भार काढण्याआधी रिकाम्या डोमेनमध्ये, इमारत जिथे येणार त्या जागी, वेगाचा आणि दाबाचा स्पेक्ट्रम काढून पाहा.