आलंच आता!

‘जाऊन-येऊन बारा किलोमीटर.’ डोंगरावर जायचं ठरत असताना कोणीतरी हे वाक्य टाकतं आणि सगळ्यांच्या माना डोलतात. ताशी पाच किलोमीटर धरले तरी अडीच तासांत खेळ खलास. या हिशोबात डोंगर कुठेच आलेला नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तोवर चर्चा गाडी कोण काढणार यावर गेलेली असते.

खरा हिशोब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ सालीच मांडून ठेवला आहे. मूळ नियम मैल आणि फुटांत आहे. मीटरच्या भाषेत तो साधारण असा होतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या त्या निरागस बारा किलोमीटरांत ९०० मीटरची चढाई दडलेली असेल, तर चालण्याचे २ तास २४ मिनिटं आणि चढण्याचा दीड तास. झाले जवळजवळ चार. पुढे एरिक लँगमुर या ब्रिटिश गिर्यारोहकाने यात उताराची दुरुस्ती केली. उतार सौम्य असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा करा, १२ अंशांहून तीव्र असेल तर तेवढीच वाढवा. आपला डोंगर अर्थातच तीव्र उताराचा, म्हणजे आणखी अर्धा तास. एकूण साडेचार.

आणि हे साडेचार तास न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचे. नेस्मिथसाहेबांच्या गणितात बुटाची नाडी सुटत नाही, कोणाला झुडपामागे जायचं नसतं आणि फोटो हलला म्हणून कोणी त्याच दगडावर चौथ्यांदा चढत नाही. घोळका नेहमी सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालतो, आणि तो सगळ्यात हळू माणूस आपण नाही अशी प्रत्येकाची खात्री असते. म्हणून मी आलेल्या उत्तरात सरळ निम्मा वेळ मिळवतो. साडेचारचे पावणेसात. सूर्यास्ताच्या वेळेतून हे पावणेसात तास वजा करायचे, वर एक तास राखीव ठेवायचा, उरेल ती पायथा सोडायची शेवटची वेळ. सूर्यास्त साडेसहाला असेल, तर पावणेअकरा. बहुतेक घोळके त्या वेळी पाण्याच्या बाटल्या कोणाच्या सॅकमध्ये राहिल्यात ते शोधत असतात.

पाण्याचं सांगून टाकतो. चालताना तासाला अर्धा लिटर हा ढोबळ अंदाज, ऊन असेल तर त्याहून जास्त. सहा-सात तासांना तीन-साडेतीन लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे साडेतीन लिटर ऐकल्यावर लोकांना एकाएकी तहान कमी लागायला लागते.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पायथ्याशी उबदार वाटत असेल, तर कपडे जास्त झाले आहेत. जॅकेट चढवून निघालेला गडी दहा मिनिटांत घामाने भिजतो, सगळ्यांना थांबवतो, सॅक उतरवतो, जॅकेट कोंबतो, आणि कोंबताना वर आलेलं सगळं सामान पुन्हा आत भरतो. तोवर बाकीच्यांना गार वारा लागून त्यांची जॅकेटं बाहेर आलेली असतात. हा खेळ अर्धा डोंगर चालू शकतो.

वेगाची परीक्षा सोपी आहे. चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर वेग कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर म्हणू नका, वेग वाढवा. चढ फारच अंगावर आला की पावलं लहान करायची आणि प्रत्येक पावलाला मागचा गुडघा क्षणभर सरळ ताणून उभं राहायचं. तेवढ्यात वजन हाडांवर जातं आणि मांडीच्या स्नायूंना निमिषभर सुट्टी मिळते. दिसायला हे लग्नात नवरी मंडपात येते तसं दिसतं, पण तासाभराने पुढे पळालेले वीर वाटेत बसलेले सापडतात.

आता या सगळ्या प्रकारातला मुख्य छळ: खोटा माथा. मान खाली घालून चढत असता, वर बघता, समोर आकाशाला टेकलेली कड दिसते. आला माथा! उरलंसुरलं बळ एकवटून तिथे पोहोचता, तर पुढे एक पठारासारखा टप्पा आणि त्यापलीकडे पहिल्यासारखीच एक कड. डोंगर मुद्दाम करतो असं वाटतं, पण यामागे निव्वळ भूमिती आहे. उतार पोट फुगल्यासारखा बाहेर आलेला असेल, म्हणजे खाली तीव्र आणि वर सौम्य, तर खालून नजर फक्त जिथे उतार मोडतो तिथवरच पोचते. नकाशावर हे आधी ओळखता येतं. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, पायथ्याशी दाटीवाटीने आणि माथ्याकडे विरळ असतील, तर फसवणूक ठरलेली. उलट असेल, खाली विरळ आणि वर दाट, तर माथा पहिल्यापासून डोळ्यांसमोर राहतो आणि सगळ्यात खडी चढण शेवटी, पाय संपल्यावर, येते. आपापल्या स्वभावाप्रमाणे छळ निवडावा. मला दुसरा परवडतो. निदान शत्रू समोर दिसतो.

नकाशा तरी संपूर्ण खरं सांगतो असं नाही. समोच्च रेषांमधलं अंतर १० मीटर असेल, तर नऊ मीटरचा उंचवटा दोन रेषांच्या मधोमध गुपचूप बसू शकतो, त्याची नोंदच नसते. नऊ मीटर म्हणजे तीन मजले. असे चार-पाच उंचवटे डोंगराच्या धारेवर ओळीने लागले, तर कागदावर सपाट दिसणारी वाट दमवून टाकते.

याच सुमारास वरून उतरणारी मंडळी भेटतात. चेहरे प्रसन्न, कपडे कोरडे. त्यांना विचारायचं नसतं, पण तोंडातून निघून जातं, ‘अजून किती?’ ‘हे काय, आलंच आता! पंधरा मिनिटं.’ ही माणसं वाईट नसतात. त्यांच्या डोक्यात नुकताच उतरून आलेला वेळ असतो आणि नीट वाटेवर उतरताना लागलेल्या पंधरा मिनिटांना चढताना पाऊण तास सहज लागतो. त्यापेक्षा ‘अजून किती मीटर चढ आहे?’ असं विचारावं. कोणाला सांगता येत नाही, पण निदान खोटं ऐकावं लागत नाही.

माथ्यावर पोहोचल्यावर पहिल्या दोन मिनिटांत करायचं काम एकच, अंगावर कोरडा थर चढवणं. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा, आणि पाठीला चिकटलेला ओला शर्ट. पण तेवढ्यात फोटो सुरू झालेले असतात. फोटो संपेपर्यंत दात वाजायला लागतात आणि थंडीने फोनची बॅटरीही पटापट खाली येते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. विशेषतः नकाशा त्यातच असेल तर.

माथा सपाट असला की आणखी एक वाद निघतो: नेमका सर्वोच्च बिंदू कुठला? काही जण खबरदारी म्हणून दिसेल त्या दगडावर उभे राहून घेतात. हसू नका, या वेडाला परंपरा आहे. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली आणि तेव्हापासून लोक ती यादी पूर्ण करत सुटलेत. ३००० फूट म्हणजे ९१४.४ मीटर. २०१२ मध्ये नव्या मोजणीत एक डोंगर यापेक्षा अर्ध्या मीटरहूनही कमी उंचीने नापास ठरला आणि यादीतून गेला, उरले २८२. त्यावर आधी घाम गाळलेल्यांचं काय झालं असेल! खुद्द मन्रोसाहेब १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचीही यादी अपुरीच होती.

माथा आला म्हणजे संपलं असं समजणाऱ्यांसाठी उतार असतो. पहिली गंमत वाटेची. चढताना डोंगराच्या सगळ्या सोंडा, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत गेलेल्या धारा, वर एकत्र येतात, त्यामुळे वाट चुकली तरी माणूस बहुधा माथ्यावरच पोचतो. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात. वरच्या टोकाला वीस पावलांची चूक, आणि खाली आपण पलीकडच्या दरीत, गाडी अलीकडच्या. म्हणून माथा सोडण्याआधी नकाशावरून दिशा घ्यायची आणि कंपास फोनपासून लांब धरायचा. फोनमधल्या चुंबकाने सुई सरकते. ढगात सापडलं की ‘ओढ्याच्या कडेने उतरू, ओढा खालीच जाणार’ असं सुचवणारा एक तरी तत्त्वज्ञ निघतो. ओढा खालीच जातो, वादच नाही. पण मध्ये चाळीस मीटरचा कडा आला तर ओढा थांबत नाही, त्याचा धबधबा होतो.

दुसरी गंमत बुटांची. उतारावर पाऊल आत पुढे सरकतं आणि बोटं बुटाच्या नाकावर आपटत राहतात, हजारो वेळा. यावर उपाय माथ्यावरच करायचा. नाड्या पूर्ण सैल करा, टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग घोट्याच्या वळणाशी नाडीला दुहेरी पीळ देऊन घट्ट आवळा आणि त्याच्या वर नेहमीसारखं बांधा. पिळामुळे पुढच्या पंजावर ताण येत नाही आणि टाच मागेच राहते. नखं दोन दिवस आधी कापलेली असावीत, सरळ रेषेत. टाचेला किंवा करंगळीला नुसतं गरम वाटायला लागलं, की त्याच मिनिटाला थांबून चिकटपट्टी लावायची. सगळे थांबतील म्हणून माणूस संकोचाने बोलत नाही, आणि तासाभराने फोड फुटला की सगळे थांबतातच, शिवाय पुढे त्याच्या वेगाने चालतात.

काठ्या असतील तर सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, चढाला थोडी कमी, उताराला पाच-दहा सेंटिमीटर जास्त. हात पट्ट्यातून खालून वर घालायचा, म्हणजे भार पट्टा घेतो, मूठ आवळावी लागत नाही. घसाऱ्याचे, म्हणजे सुट्या खडीच्या निसरड्या उताराचे, दोन प्रकार आहेत. खोल, सुट्या खडीत टाच रोवून उतरलं की मजा येते. कठीण कातळावर पसरलेली बारीक खडी मात्र पायाखाली छर्ऱ्यासारखी फिरते. तिथे पावलं लहान, वजन थेट पायावर. घाबरून मागे रेलला की पाय निसटलाच. आणि सगळे नेमके मागेच रेलतात. सॅकमध्ये अन्न तळाशी आणि टॉर्च त्याच्याही खाली असेल, तर अंधार पडल्यावर या सगळ्याला वेगळीच रंगत चढते.

शरीराचं बिल दुसऱ्या दिवशी येतं. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच ताण घेतो, त्यात त्याला बारीक इजा होते आणि दुखणं चोवीस ते बहात्तर तासांत कळस गाठतं. जिना चढता येतो, उतरता येत नाही. कठडा धरून उलट्या तोंडाने उतरलं की त्रास निम्मा होतो. काळं पडलेलं अंगठ्याचं नख गळून पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि ‘यंदा सोपा बघू, जाऊन-येऊन बाराच किलोमीटर आहे’ हा निरोप त्याच्या बराच आधी येतो.