'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : फ्लॉरिडा ए अँड एमचे अध्यक्षपद कोणी ठरवायचे?

अमेरिकेतल्या फ्लॉरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या, म्हणजे ज्याला तिथे सगळे 'फॅमू' म्हणतात त्या विद्यापीठाच्या, नव्या अध्यक्षांच्या निवडीवर मी लिहिलेल्या लेखाला 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. मे २०२५ मध्ये त्या विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने ८ विरुद्ध ४ मतांनी मार्व्हा जॉन्सन यांची निवड केली आणि ही निवड ज्या पद्धतीने झाली ती कृष्णवर्णीयांच्या एका ऐतिहासिक विद्यापीठाला घातक आहे, असे मी म्हटले होते. त्यावर, स्पष्टवक्तेमहाशय, आपले म्हणणे थोडक्यात असे : बाई स्वतः कृष्णवर्णीय आहेत, वकील आहेत, मग लेखकाच्या पोटात का दुखते, विद्यापीठ सरकारी पैशावर चालते, तेव्हा सरकारने नेमलेल्या मंडळाने अध्यक्ष निवडला तर बिघडले काय, शेजारच्या फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठात राजकारणी अध्यक्ष झाला आणि त्याने उत्तम काम केले, आधीच्या 'विद्वान' अध्यक्षांनी देणगीच्या नावाखाली काय दिवे लावले ते लेखकाने सोयीस्करपणे गाळले, आणि शेवटी, परक्यांच्या भानगडीत नाक खुपसण्यापूर्वी लेखकाने ते शहर नकाशावर तरी पाहिले आहे काय?

टीकेचे मला वावडे नाही. या जागेवर माझ्याशी कडाडून वाद घालणारे वाचक आहेत आणि त्यांच्यातल्या काहींशी माझा आज स्नेह आहे. परंतु ज्या प्रतिक्रियेची सुरुवात लेखकाच्या पोटदुखीने होते आणि शेवट त्याच्या भूगोलाच्या परीक्षेने, ती लिहिणाऱ्याला चर्चा हवी आहे की टाळ्या, असा प्रश्न पडतो. 'स्पष्टवक्ता' हे नाव घेतले म्हणजे सभ्यतेची जबाबदारी संपते असे आपल्याला वाटत असावे. मला तसे वाटत नाही, म्हणून मी 'आपण' म्हणूनच लिहिणार आहे, जरी आपण मला एकदाही तसे संबोधलेले नाही.

भूगोलाचे आधी संपवतो. ही दोन्ही विद्यापीठे ज्या शहरात आहेत ती फ्लॉरिडाची राजधानी टॅलाहासी मी नकाशावर पाहिली आहे आणि नकाशाबाहेरही पाहिली आहे, कारण माझे पदव्युत्तर शिक्षण त्याच शहरात झाले. फॅमू आणि फ्लॉरिडा स्टेट या दोन विद्यापीठांचे मिळून एकच अभियांत्रिकी महाविद्यालय तिथे १९८२ पासून आहे. ते दोन्ही आवारांपासून दूर आहे आणि दोन्हीकडचे विद्यार्थी एकाच वर्गात बसून एकाच शिक्षकाकडे शिकतात. फरक एवढाच की प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव या किंवा त्या विद्यापीठाच्या पटावर असते. माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा फॅमूच्या पटावर होता. प्रयोगशाळेचे काम आटोपून कधी आम्ही त्याच्या आवारात जात असू. तिथली इमारत आणि फ्लॉरिडा स्टेटची इमारत यांत काय अंतर आहे, ते समजायला अहवाल वाचावा लागत नसे. वातानुकूलन यंत्राखाली ठेवलेल्या बादलीत टपटपणारे पाणी पुरेसे होते. तेव्हा 'परक्यांची भानगड' हे शब्द आपण आपल्याजवळच ठेवावेत.

आता आपल्या त्या एका वाक्याकडे वळतो, कारण बाकी सगळी प्रतिक्रिया त्याच्याच आधाराने उभी आहे : 'बाई स्वतः कृष्णवर्णीय आहेत, मग काय अडले?'

श्रीमती जॉन्सन यांच्या वर्णाविषयी माझ्या लेखात एक अक्षर नव्हते. त्या चार्टर कम्युनिकेशन्स या केबल कंपनीचे राज्य सरकारांशी असलेले व्यवहार सांभाळणाऱ्या अधिकारी होत्या. त्याआधी फ्लॉरिडाचे तेव्हाचे गव्हर्नर, म्हणजे निवडून आलेले राज्यप्रमुख, रिक स्कॉट यांनी त्यांना राज्याच्या शिक्षण मंडळावर नेमले आणि त्या मंडळाच्या त्या अध्यक्षही झाल्या. अंतिम यादीतले इतर तिघे विद्यापीठांत वरिष्ठ पदांवर काम करणारे होते; त्यांतला एक तर फॅमूतच कार्यकारी उपाध्यक्ष होता. माजी विद्यार्थी रस्त्यावर आले, चित्रपटनिर्माते विल पॅकर यांच्यासारख्या माजी विद्यार्थ्याने जाहीर विरोध केला. हे सारे लोक कृष्णवर्णीयच होते. उमेदवार आपल्या वर्णाचा आहे एवढ्यावर समाधान मानायचे असते, तर त्यांनी मिठाई वाटली असती. आपण मुंबईत की ठाण्यात बसून त्यांना सांगता आहात की त्यांनी समाधान मानायला हवे होते. परक्यांच्या भानगडीत नाक खुपसणे म्हणतात ते हेच असावे.

कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या अशा विद्यापीठांत अध्यक्षपदावरून झालेली भांडणे वर्णाच्या पाशी सुरू झाली, पण तिथे थांबली नाहीत. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली स्थापन झाले आणि त्याला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष, मॉर्डकाय जॉन्सन, मिळायला १९२६ साल उजाडले. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात १९२४ साली तिथलेच जुने विद्यार्थी, कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी पदवीदान समारंभाच्या वेळी श्वेतवर्णीय अध्यक्ष मॅकेन्झी यांच्या कारभारावर जाहीर हल्ला चढवला. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांचा संप झाला आणि मॅकेन्झी गेले. तरीही पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष, समाजशास्त्रज्ञ चार्ल्स जॉन्सन, तिथे निवडला गेला तो १९४६ साली. आणि अटलांटाच्या स्पेलमन या स्त्रियांच्या महाविद्यालयात १९७६ साली काय झाले ते तर आपण अवश्य वाचावे. विश्वस्तांनी डोनाल्ड स्ट्युअर्ट या कृष्णवर्णीय पुरुषाची निवड केली, तेव्हा कृष्णवर्णीय स्त्री अध्यक्ष हवी म्हणून विद्यार्थिनींनी आणि काही अध्यापकांनी विश्वस्तांना सभागृहात सुमारे २६ तास कोंडून ठेवले. विश्वस्त बधले नाहीत, स्ट्युअर्ट दहा वर्षे राहिले, महाविद्यालय काही बुडाले नाही, हेही मी सांगून टाकतो म्हणजे आपल्याला शोधायला नको. परंतु त्यांच्यानंतर १९८७ साली जॉनेटा कोल आल्या, स्पेलमनच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-अध्यक्ष, आणि त्या कोंडलेल्या सभागृहाचा त्याच्याशी संबंध नव्हता असे त्या महाविद्यालयात कोणी म्हणणार नाही.

फॅमूचा स्वतःचा इतिहासही असाच आहे. नेथन यंग हे १९०१ पासून तिथे अध्यक्ष होते आणि विद्यार्थ्यांना शेती आणि सुतारकामाबरोबर साहित्य आणि शास्त्रेही शिकवावीत, असा त्यांचा आग्रह होता. राज्याच्या श्वेतवर्णीय नियामक मंडळाला ते खपले नाही. १९२३ साली यंग यांना घालवण्यात आले, आणि त्यांच्या जागी जो बसवला तोही कृष्णवर्णीयच होता. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, इमारतींना आगी लागल्या. आपला प्रश्न तेव्हाही कोणीतरी विचारला असेलच : माणूस तुमचाच आहे, मग काय अडले?

हा प्रश्न मी लहानपणी आमच्या घराच्या ओट्यावर ऐकलेला आहे. माझे वडील मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवत. तिथे प्राचार्यपदाच्या मुलाखती झाल्या तेव्हा उमेदवार व्हरांड्यात फायली मांडीवर घेऊन बसले होते, आणि संस्थाचालकांचा भाचा आत चहा पीत होता. भाचा आमच्याच जातीचा होता. त्यामुळे वडील चिडले तेव्हा आळीतल्या शहाण्यांनी त्यांना हेच ऐकवले. पुढे ग्रंथालयाचे अनुदान थकले, नियतकालिके बंद झाली, आणि नव्या प्राचार्यांनी खात्याला खरमरीत पत्र लिहावे म्हणून वडील त्यांच्याकडे खेटे घालत राहिले. पत्र गेले नाही. ज्या मंत्र्याच्या चिठ्ठीवर खुर्ची मिळाली त्याच मंत्र्याच्या खात्याला पत्र कसे लिहायचे? ते गृहस्थ वाईट नव्हते, आळशीही नव्हते. खाल्ल्या मिठाला जागत होते. तेव्हा 'सरकारी पैसा, सरकारचा माणूस' हे गणित मला पुस्तकातून कळलेले नाही, हे आपण कृपया लक्षात घ्यावे.

आणि फॅमूच्या बाबतीत राज्याला लिहायचे पत्र किरकोळ नाही. १८९० च्या कायद्याने जी राज्ये कृष्णवर्णीयांना आपल्या शेतकी-यांत्रिकी विद्यापीठात घेत नव्हती, त्यांना केंद्राचा निधी हवा असेल तर वेगळी संस्था काढून निधीची न्याय्य वाटणी करणे भाग होते. ती वाटणी कशी झाली, हे सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण व कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी सोळा गव्हर्नरांना पत्रे लिहून सांगितले. १९८७ ते २०२० या काळात फॅमूला दर विद्यार्थ्यामागे फ्लॉरिडा विद्यापीठाइतका राज्यनिधी मिळाला असता, तर सुमारे १.९७ अब्ज डॉलर अधिक मिळाले असते. त्याआधीचा हिशेब निराळाच. व्हर्जिल हॉकिन्स या कृष्णवर्णीय गृहस्थांनी १९४९ साली श्वेतवर्णीयांच्या विधी महाविद्यालयाचे दार ठोठावले, तेव्हा त्यांना आत घ्यावे लागू नये म्हणून राज्याने फॅमूला विधी महाविद्यालय दिले. १९६६ साली त्याच शहरात फ्लॉरिडा स्टेटचे विधी महाविद्यालय उघडले आणि १९६८ साली फॅमूचे बंद केले. ते पुन्हा उघडायला २००२ उजाडले, तेही ऑरलँडोत. विद्यापीठाचे रुग्णालय १९७१ साली बंद झाले. अशा संस्थेचा अध्यक्ष हा प्रथम राज्याच्या दारात उभा राहून थकबाकी मागणारा माणूस असतो. आणि त्याला निवडणाऱ्या तेरा विश्वस्तांपैकी सहा गव्हर्नर नेमतो, पाच राज्याच्या सरकारी विद्यापीठांवर देखरेख करणारे 'बोर्ड ऑफ गव्हर्नर्स' नेमते आणि त्या बोर्डाच्या सतरांपैकी चौदा सदस्य पुन्हा गव्हर्नरच नेमतो. उरलेल्या दोन विश्वस्तांत एक अध्यापकांचा प्रतिनिधी आणि एक विद्यार्थ्यांचा. २०२२ च्या कायद्याने अर्जदारांची नावेही अंतिम यादीपर्यंत गुप्त ठेवायची सोय झाली आहे. हे सर्व कायदेशीर आहे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे आणि मी मूळ लेखातही ते नाकारले नव्हते. वडिलांच्या महाविद्यालयातल्या त्या मुलाखतीही कायदेशीरच होत्या. इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या होत्या.

आपण जॉन थ्रॅशर यांचे उदाहरण दिले आहे. थ्रॅशर हे विधिमंडळातले मातब्बर नेते, २०१४ साली फ्लॉरिडा स्टेटचे अध्यक्ष झाले, अध्यापक-विद्यार्थ्यांचा विरोध होता आणि पुढे त्यांची कारकीर्द वाखाणली गेली. बरोबर. पण आपण एक गोष्ट सांगितली नाहीत, किंवा आपल्याला ती ठाऊक नसावी. त्याच वर्षी, अध्यक्ष होण्याच्या काही महिने आधी, सिनेटर थ्रॅशर यांनी संयुक्त अभियांत्रिकी महाविद्यालय फोडून फ्लॉरिडा स्टेटला स्वतंत्र महाविद्यालय देण्याची तरतूद अर्थसंकल्पात घुसवण्याचा प्रयत्न केला होता. ज्या वर्गात माझा तो मित्र आणि मी शेजारी बसलो, तो वर्गच मोडला असता. थ्रॅशर स्वतः फ्लॉरिडा स्टेटचे दोन पदव्यांचे माजी विद्यार्थी होते आणि आपल्या विद्यापीठासाठी लढत होते, याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. राजकारणी अध्यक्ष एका संस्थेला लाभतो तेव्हा शेजारच्या संस्थेला त्याची किंमत कशी मोजावी लागू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नसते. आपण ते दिलेत, आभारी आहे.

देणगीच्या प्रकरणाबद्दल मात्र आपले म्हणणे मी मान्य करतो. मे २०२४ मध्ये पदवीदान समारंभात २३७ दशलक्ष डॉलरच्या देणगीची घोषणा झाली, ती एका खासगी कंपनीच्या शेअरच्या रूपात होती, त्या शेअरची किंमत काय हे कोणी नीट तपासले नव्हते, आणि अखेरीस अणुरसायनशास्त्रज्ञ असलेले अध्यक्ष लॅरी रॉबिन्सन यांना पायउतार व्हावे लागले. विद्वत्ता म्हणजे व्यवहारज्ञान नव्हे, हे यातून दिसते आणि ते मी लेखात लिहायला हरकत नव्हती. परंतु पिढ्यान्पिढ्या तहानलेल्या संस्थेने मृगजळाकडे धाव घेतली, तर त्यावरून तिचा अध्यक्ष केबल कंपनीतून आणावा हे कसे सिद्ध होते, ते आपणच जाणोत. या मुद्द्यावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

राहिला प्रश्न मराठी वाचकाला हे सारे कशाला, याचा. १९३६-३७ च्या हिवाळ्यात हॉवर्ड विद्यापीठाच्या धर्मशास्त्र शाखेचे प्रमुख बेंजामिन मेज वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले आणि अहिंसेविषयी त्यांच्याशी बोलले. हे गृहस्थ १९४० साली अटलांटाच्या मोअरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले आणि १९४४ साली त्यांच्या महाविद्यालयात मार्टिन ल्यूथर किंग नावाचा मुलगा दाखल झाला. अध्यक्षपदी कोण बसतो याने काय फरक पडतो, असे विचारणाऱ्याला याहून जास्त मी काय सांगणार? त्याच भारतभेटीत एका अस्पृश्यांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मेज यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली. मेज आधी दुखावले, मग त्यांना ते पटले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. परके कोण आणि आपले कोण याची वाटणी त्यांनी आपल्याइतक्या झटपट केली नव्हती.

जून २०२५ मध्ये बोर्ड ऑफ गव्हर्नर्सने श्रीमती जॉन्सन यांच्या निवडीवर शिक्कामोर्तब केले, त्यामुळे त्या आता अध्यक्ष आहेत आणि त्यांचे काम त्यांना करू द्यावे, हे मीही म्हणतो. त्यांनी ते १.९७ अब्ज डॉलर राज्याकडे लेखी आणि जाहीरपणे मागितले, तर त्या दिवशी मी याच जागी स्वतंत्र लेख लिहीन आणि त्यात आपल्या या प्रतिक्रियेचा उल्लेख करीन. तोवर आपल्याला आणखी काही म्हणायचे असेल तर खऱ्या नावाने म्हणावे. 'पोटदुखी'ने सुरू होणारी पुढची प्रतिक्रिया, मग ती कितीही लांब असो, मी प्रसिद्ध करणार नाही.