काळ्या रंगाची ट्यूब आणि मेणवलीचा घाट

महिनाभरात निदान दहा जणांनी विचारलं असेल, "दहावी तोंडावर आलेली असताना पोरीला चित्रकलेच्या शिबिराला पाठवलंस? तेही नऊ दिवस राहायला?" प्रत्येकाला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिलं, पण मनासारखं एकदाही देता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

शिबिर वाईजवळ होतं, मेणवलीच्या अलीकडे, सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका शाळेच्या इमारतीत. तेरा ते सतरा वयाची अठ्ठावीस मुलं. मुलींच्या खोलीत रात्री झोपायला आणि स्वयंपाकघरात हात द्यायला आयोजकांना एक बाई हवी होती. मी ऑफिसातून रजा काढली आणि गेले. त्यामुळे हे सगळं ऐकीव नाही. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी तिथे होते, सगळ्यांची काकू म्हणून.

माझी लेक चित्रकलेत 'चांगली' आहे. शाळेतून देतात त्या सरकारी चित्रकला परीक्षांपैकी एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली. दहावीला त्याचे सात गुण वाढतात, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात चित्रकलेची किंमत त्या सात गुणांएवढीच होती. परीक्षेआधी तीन महिने ती रोज सराव करायची. स्मरणचित्राचे पाच-सहा विषय घोटून ठेवलेले: बाजार, पाणवठा, बसस्टॉप, बागेत खेळणारी मुलं. बाजारातली भाजीवाली कुठे बसणार, तिच्यामागे झाड कुठे येणार, सायकलवाला कुठल्या बाजूने शिरणार, सगळं ठरलेलं. विषय कुठलाही येऊ दे, माणसं तीच. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं आठवून काढणं. हिने पाहिलेलं नव्हतंच, पाठ केलेलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. मेणवलीच्या घाटावर कळलं.

पहिल्या दिवशी शिबिरात शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांच्या रंगपेट्या उघडायला लावल्या आणि काळ्या रंगाची ट्यूब मागून घेतली. अठ्ठावीस ट्यूबा एका स्टीलच्या डब्यात गेल्या आणि डबा माझ्याकडे स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी. मुलं गोंधळली. समोर कृष्णेचा घाट, सगळा काळ्या पाषाणाचा, आणि काळा रंगच नाही! लेक मला हळूच म्हणाली, "आई, मग दगड कशाने रंगवायचा?"

सरांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला उठवून सगळ्यांना घाटावर नेलं.

मेणवलीचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्यामागे नदीकडे उतरणाऱ्या चंद्रकोरीसारख्या पायऱ्या, काठावर देवळं आणि एका लहानशा घुमटीत टांगलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर तिथून आलेली. सिनेमात हा घाट इतक्यांदा येऊन गेलाय की मुलं आधी "अरे, हे तर पाहिलंय" असंच म्हणाली.

पाहिलं नव्हतं. सकाळी सव्वासहाला त्या पायऱ्या निळसर असतात. मी स्वतः डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगते. ऊन यायच्या आधी दगडावर आकाशाचा रंग असतो. साडेअकराला तोच दगड उन्हात इतका चकाकतो की जवळजवळ पांढरा दिसतो, आणि पायरीच्या कडेखाली सावलीची एक बारीक रेघ तेवढी गडद. संध्याकाळी साडेसहाला तांबूस, विटकरी, काही ठिकाणी चक्क जांभळा. दिवसभरात एकदाही काळा नाही.

तिसऱ्या दिवशी सरांनी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी रंग एकत्र करून दाखवला. निळा जास्त घेतला की सकाळचा दगड, तपकिरी जास्त घेतला की संध्याकाळचा. माझी लेक तासभर नुसते करड्या रंगाचे ठिपके काढत बसली होती, कागदभर, एकाखाली एक, प्रत्येक ठिपका आधीच्याहून जरासा वेगळा. त्या कागदावर चित्र म्हणावं असं काही नाही. तो कागद मी जपून ठेवलाय.

आता माझं म्हणणं सांगते. शहरात चित्रकलेचे क्लास खूप आहेत आणि त्यातले बरेच चांगलेही असतील. आठवड्यातून दोनदा दीड तास. तिथे हाताला वळण लागतं, शेडिंग येतं, पर्स्पेक्टिव्ह येतं. पण डोळा तयार व्हायला दीड तास पुरत नाही. एकाच जागेकडे सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं असेल तर तिथे राहावंच लागतं. 'निवासी' हा शब्द जाहिरातीत आपण सोय म्हणून वाचतो, किंवा धोका म्हणून. मला तो शिबिराचा गाभा वाटतो. बाकी सगळं घरी आणून शिकवता येईल, सकाळचा दगड आणता येणार नाही.

एक प्रसंग सांगते. सांगलीकडचा एक मुलगा होता, पंधरा वर्षांचा, कमी बोलणारा. त्याने घाटाचा एकच कोपरा धरला होता, घंटेच्या बाजूचा, आणि रोज तेवढाच काढायचा. पाचव्या दिवशी सकाळी तो धावत स्वयंपाकघरात आला. "काकू, चार पायऱ्या गेल्या!" मला कळेना. वर धोम धरणातून रात्री पाणी सोडलं होतं, नदी चढली होती आणि खालच्या चार पायऱ्या पाण्याखाली होत्या. घाटावर तेव्हा आमची सगळी मुलं होती, गावातले लोक होते, मी स्वतः आदल्या संध्याकाळी तिथे तासभर बसले होते. पायऱ्या मोजलेल्या फक्त त्याच्या होत्या. मग त्याने आदल्या दिवसाच्या चित्राशेजारी नवा कागद लावला आणि चढलेलं पाणी काढलं. पाणी काढताना पाण्याला रंग दिलाच नाही. कागद तसाच कोरा सोडून त्यात घुमटीची सावली तेवढी उतरवली. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद, हे सर दोन दिवस सांगत होते. त्या दिवशी ते सगळ्यांना दिसलं.

रात्री जेवणं झाली की दिवसभराची चित्रं भिंतीला टेकवून ठेवायची आणि सगळ्यांनी जमिनीवर बसून बघायची. तिथे एक नियम होता: 'छान' म्हणायचं नाही. काय दिसतंय ते सांगायचं. पहिल्या रात्री खोलीत शांतता. आपल्या मुलांना 'छान', 'मस्त', 'भारी' याच्या पलीकडे शब्दच नाहीत, आणि ते आपणच त्यांना दिलेले नाहीत. सहाव्या रात्री एक मुलगी दुसरीला म्हणाली, "तुझ्या देवळावर ऊन डावीकडून पडतंय आणि नदीवर उजवीकडून." कोणी दुखावलं नाही. दुसरी उठली, चित्राजवळ गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "खरंच की."

आठव्या दिवशी एसटीची गाडी ठरवून औंधला नेलं. औंध म्हटलं की आपल्याला यमाई आठवते, पण डोंगरावर देवीच्या वाटेतच श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभं केलेलं. हा राजा स्वतः चित्रकार होता. एवढ्याशा संस्थानात त्याने जे गोळा केलं ते बघून मी थक्क झाले. रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथे आहेत. आमच्या मुलांनी रविवर्मा पाहिलेला तो कॅलेंडरवर, आजीच्या देवघरातल्या फ्रेमवाल्या लक्ष्मीत. त्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला म्हणून तर ती लक्ष्मी घरोघरी पोचली. पण मूळ चित्रासमोर उभं राहिलं की साडीच्या काठावरचा एकेक ब्रशचा फटका मोजता येतो. माझी लेक इतक्या जवळ गेली की रखवालदारकाकांनी हटकलं. मग ती मागे सरली, पुन्हा पुढे गेली. जवळून रंगाचे नुसते फटके, दोन पावलं मागे आलं की साडीची जरी. असं ती वीस मिनिटं पुढे-मागे करत होती.

आणि तिथेच हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे छोटं दगडी शिल्प आहे. जगभरातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ज्याची कामं आहेत त्या शिल्पकाराचं शिल्प सातारा जिल्ह्यात, आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. आपल्यापैकी किती जणांनी मुलांना नेऊन दाखवलंय? मी नव्हतं दाखवलं. दर वर्षी साताऱ्यावरून कोल्हापूरला जातो आम्ही.

ज्या पालकांना काळजी वाटते त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला नऊ दिवस बाहेर ठेवताना काळजी वाटायलाच हवी. पैसे भरण्याआधी विचारा: मुलींच्या खोलीत रात्री कोण झोपतं, त्या बाईंशी आधी फोनवर बोलता येईल का, जवळचा डॉक्टर किती अंतरावर आहे, नदीवर जाताना सोबत पोहता येणारं मोठं माणूस असतं का. आमच्याकडे नियम कडक होता, गुडघाभर पाण्याच्या पुढे कोणी जायचं नाही आणि दोन जण कायम पायरीवर उभे. हे प्रश्न विचारल्यावर जे आयोजक चिडतात त्यांच्याकडे पाठवू नका. माझं मत याबाबतीत पक्कं आहे.

पण एकदा पाठवलं की मग सोडा. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्याच दिवसापासून मेसेज सुरू झाले: "आज काय काढलं? फोटो टाका ना." "माझ्या मुलाचं एकही चित्र दिसलं नाही अजून." तिसऱ्या दिवशी फोटो पाहून एका आईंनी मुलाला संध्याकाळच्या फोनवर विचारलं, "हे असं का अर्धवट सोडलंयस? बाकीच्यांची पूर्ण आहेत." तो मुलगा त्या दिवशी नीट जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने घाट सोडला आणि खोलीत बसून सूर्यास्त, डोंगर, नारळाची झाडं असं 'पूर्ण' चित्र केलं. आईला पाठवायला. त्याला पुन्हा घाटावर यायला दोन दिवस लागले. नऊ दिवसांतले दोन. मला फार वाईट वाटलं, कारण ते वाक्य मी माझ्या लेकीला अनेकदा बोललेय.

दहावीचं म्हणाल तर लेकीच्या कोचिंग क्लासमधून फोन आला होता, सुट्टीतल्या बॅचचे नऊ दिवस बुडाले तर 'बेसिक कच्चं राहील' म्हणून. बीजगणिताचा पहिला धडा बुडाला होता. तो तिने आल्यावर चार संध्याकाळी बसून भरून काढला. पुढे चित्रकला घेणार का, बीएफए म्हणजे चित्रकलेची पदवी करणार का, सीईटी देणार का, तेही लोक विचारतात. मला माहीत नाही आणि तिलाही नाही. ती पंधराची होईल आता.

परत आल्यावर तिच्यात काय बदललं, हाही प्रश्न येतो. खोली अजून तशीच पसरलेली असते. मोबाइलही हातात असतो. पण परवा रविवारी ती सकाळी सहाला गच्चीवर होती. समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या आहेत ना, काळ्या प्लॅस्टिकच्या, त्या काढत होती. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "थांब, आत्ता निळ्या आहेत." काळ्या ट्यूबा निघताना परत मिळाल्या होत्या. तिची अजून मी बांधून दिलेल्या कागदातच आहे.

पुढच्या मे महिन्यात शिबिर पुन्हा तिथेच आहे. मी जाणारच आहे, पण तीस जणांचा स्वयंपाक एकटीला आणि गावातल्या मावशींना जड गेला यंदा. आणखी दोन माणसं हवी आहेत. पावणेसहाला चहा ठेवावा लागतो, पोळ्या येत असल्या तर उत्तम, आणि रात्री मुलींच्या खोलीत झोपायची तयारी हवी. ज्यांना जमेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये सांगा.